घरच्या कॉम्प्युटरवर सारख्या उगवणाऱ्या जाहिराती आणि चौकटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर बघतो. राजारामपुरीच्या गल्ल्यांपासून फुलेवाडीपर्यंत, आणि कधी कागल-गडहिंग्लजकडूनही फोनवर, तेच तेच प्रश्न येतात. ते इथं एकत्र केले आहेत. उत्तरं विंडोज १० आणि ११ धरून लिहिली आहेत. शक्यतो वरून खाली क्रमानं करत या. बऱ्याच घरांत काम पहिल्याच उत्तरात संपतं.

खाली उजव्या कोपऱ्यात दर पाच मिनिटांनी ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले’ असं येतंय. कॉम्प्युटर गेला का?

गेलेला नाही, आणि बहुतेक वेळा त्यात व्हायरसही नसतो. ती चौकट अँटीव्हायरसची नाही, तुमच्या ब्राउझरची, म्हणजे क्रोम, एज, फायरफॉक्स यांपैकी ज्यातून तुम्ही इंटरनेट बघता त्या प्रोग्रॅमची आहे. कधीतरी एखाद्या साइटनं ‘नोटिफिकेशन दाखवू का’ असं विचारलं आणि तुमच्याकडून, नातवाकडून नाहीतर आलेल्या पाहुण्यांकडून ‘अलाऊ’ दाबलं गेलं. त्या एका परवानगीवर ती साइट दिवसभर काय वाटेल ते पाठवू शकते. तिचं पान बंद केलं तरी चौकटी थांबत नाहीत, कारण परवानगी ब्राउझरमध्ये नोंदलेली असते. पानाच्या असण्या-नसण्याशी तिचा संबंध नाही.

ही परवानगी फसवून घेतात. ‘तुम्ही रोबॉट नाही हे दाखवायला अलाऊ दाबा’, ‘व्हिडिओ सुरू करायला अलाऊ दाबा’ अशी वाक्यं मोठ्या अक्षरात असतात. रोबॉट तपासण्याचा आणि नोटिफिकेशनचा काडीचाही संबंध नाही. आपल्या गावाला फुटबॉलचं वेड किती, हे शाहू स्टेडियमवर लीगची मॅच बघितलेल्याला सांगायला नको. वर्ल्ड कप असला की रात्री फुकट मॅच दाखवणाऱ्या साइट शोधल्या जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजायला लागतो, आणि तक्रार सगळ्यांची हीच असते.

काढायचं असं. क्रोममध्ये वर उजवीकडचे तीन ठिपके दाबा, सेटिंग्जमध्ये जा, तिथून प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. ओळखीची नसलेली प्रत्येक साइट तिच्यापुढच्या तीन ठिपक्यांतून ब्लॉक करा. बँक, जीमेल, व्हॉट्सॲप सोडलं तर बाकी सगळी उडवली तरी काही बिघडत नाही. त्याच पानावर वर ‘कोणत्याही साइटला नोटिफिकेशन पाठवू देऊ नका’ अशा अर्थाचा पर्याय आहे, तो निवडला की पुढं कुणी विचारणारच नाही. एज आणि फायरफॉक्समध्ये रस्ता थोडा वेगळा आहे. तिथं सेटिंग्ज उघडून वरच्या शोधायच्या पट्टीत ‘नोटिफिकेशन’ असं इंग्रजीत टाइप करा, योग्य पान समोर येतं.

अख्खी स्क्रीन निळी किंवा लाल झाली, सायरन वाजतोय, ‘बंद करू नका, या नंबरवर फोन करा’ असं लिहिलंय. माउसही हलत नाही. काय करू?

आधी स्पीकर बंद करा. आवाज तुम्हाला घाबरवण्यासाठीच ठेवलेला असतो, तो थांबला की निम्मी भीती जाते.

हे एक साधं वेबपान आहे, पूर्ण स्क्रीनभर पसरलेलं. एस्केपची कळ दोन-तीन सेकंद दाबून धरा, पान लहान होतं. मग ऑल्ट आणि एफ ४ एकत्र दाबून ब्राउझर बंद करा. नाही झाला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ब्राउझरच्या नावावर क्लिक करून ‘एंड टास्क’ करा. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरून मशीन बंद करा. पुन्हा चालू केल्यावर ब्राउझर विचारतो, ‘आधीची पानं परत उघडू का?’ तिथं नको म्हणा, नाहीतर तेच पान परत पुढं येईल.

आणि नंबरचं एक कायमचं ध्यानात ठेवा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. कंपनीनं हे स्वतः जाहीर केलेलं आहे. नंबर दिसला की ते खोटं. हा मोठा धंदा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयनं ‘ऑपरेशन चक्र-२’ खाली देशात ७६ ठिकाणी छापे टाकले. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉननं केलेल्या तक्रारींवरून अशा बनावट मदत केंद्रांचाही तपास त्यात झाला.

स्क्रीनवरच्या नंबरवर फोन केला होता. त्यांनी एक ॲप टाकायला लावलं आणि आमचा माउस तेच हलवत होते.

इंटरनेट लगेच तोडा. वायर काढा किंवा राउटरच बंद करा. दूरवरून मशीन चालवायला जे ॲप त्यांनी टाकायला लावलं ते अनइन्स्टॉल करा. मग दुसऱ्या उपकरणावरून, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवरून, बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला. पैसे गेले असतील किंवा कार्डाचे आकडे सांगितले असतील तर आधी १९३० ला फोन, बाकी सगळं नंतर. ही सरकारची सायबर आर्थिक फसवणुकीसाठीची हेल्पलाइन आहे. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी तक्रार पोहोचली तर ते अडवता येण्याची शक्यता असते, म्हणून इथं तासांचा नाही, मिनिटांचा प्रश्न असतो. सोबत बँकेलाही कळवा, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा.

शिवाजी पेठेतले एक निवृत्त मास्तर तीन दिवस हे कुणाला बोलले नव्हते. मुलगा काय म्हणेल याचं त्यांना ओझं झालं होतं. त्या तीन दिवसांत रक्कम हाताबाहेर गेली. घरातल्या तरुणांना माझी हात जोडून विनंती आहे: असं काही कानावर आलं तर रागावू नका. ‘बरं झालं सांगितलंत’ एवढंच म्हणा आणि फोन लावायला बसा. माणूस एकदा रागावला गेला की पुढच्या वेळी सांगत नाही.

ब्राउझर उघडला की भलतंच पान येतं. गूगलवर शोधलं तरी दुसऱ्याच साइटवर नेतं.

हा ब्राउझर हायजॅकर. बहुतेक वेळा तो एक्स्टेन्शनच्या, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या रूपात बसलेला असतो. क्रोममध्ये तीन ठिपके, एक्स्टेन्शन्स, मॅनेज एक्स्टेन्शन्स. तिथं कूपन शोधणारं, पीडीएफ बदलणारं, हवामान दाखवणारं, ‘सर्च’ नावाचं काहीतरी, असं जे तुम्ही मुद्दाम घेतलेलं नाही ते काढून टाका. नुसतं बंद करू नका, ‘रिमूव्ह’ करा.

एखादं एक्स्टेन्शन वर्षानुवर्षं चांगलं चालतं आणि मग बिघडतं, हेही होतं. बनवणारा ते विकून टाकतो, नवा मालक अपडेटमधून नको ते घुसवतो. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लाखो लोक वापरत असलेलं एक्स्टेन्शन २०२० मध्ये असंच दुसऱ्याच्या हातात गेलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते बंद करावं लागलं. त्यामुळं ‘हे तर माझं जुनंच आहे’ म्हणून कुणाला सूट देऊ नका.

यानंतर सेटिंग्जमध्ये सर्च इंजिन आणि सुरुवातीचं पान तपासा. सगळंच विस्कटलं असेल तर ‘रीसेट सेटिंग्ज’ करा. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड राहतात, एक्स्टेन्शन्स बंद होतात, साइटवरचं लॉगिन मात्र पुन्हा करावं लागतं.

एक जागा नेहमी निसटते. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘टार्गेट’ची ओळ बघा. ब्राउझरच्या फाइलचं नाव संपल्यावर पुढं एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो तुम्ही आयकॉन दाबाल तेव्हा उघडणारच. तेवढा भाग पुसा, किंवा आयकॉन उडवून नवा करा.

‘तुमचा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून नियंत्रित आहे’ असं लिहून येतं. घरच्या कॉम्प्युटरला कुठली संस्था?

घरच्या मशीनवर ही ओळ दिसली तर सावध व्हा. ऑफिसांसाठी ब्राउझरमध्ये ‘पॉलिसी’ नावाची सोय आहे, ती वापरून अडमिनला, म्हणजे मशीनचा कारभार बघणाऱ्याला, एक्स्टेन्शन सक्तीनं बसवता येतं. ॲडवेअर, म्हणजे नको त्या जाहिराती दाखवणारे प्रोग्रॅम, बनवणारे हीच सोय वापरतात, म्हणून ते एक्स्टेन्शन काढायचं बटणच सापडत नाही. काही अँटीव्हायरसमुळंही ही ओळ येते, तेव्हा आधी खात्री करा. या नोंदी विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सगळी सेटिंग्ज जिथं साठवलेली असतात तिथं असतात. तिथं हात घालण्याआधी खाली सांगितलेलं टूल चालवा, बऱ्याचदा तेच साफ करतं. नाही झालं तर जाणकाराला बोलवा. रजिस्ट्रीत चुकीची ओळ गेली तर विंडोज उठायचं नाही.

पण हे शिरलं कुठून? आम्ही तर काहीच वाईट बघत नाही.

वाईट बघावंच लागतं असं नाही. माझ्या अनुभवात मराठी घरांत हे सगळ्यात जास्त येतं ते टायपिंगच्या मागून. मुलीला शाळेचा प्रकल्प मराठीत टाइप करायचा असतो, आजोबांना मंडळाचं पत्रक करायचं असतं. शोधायला जातात ‘मराठी फॉन्ट फुकट’ नाहीतर ‘मराठी टायपिंग सॉफ्टवेअर’. गूगलचं इंटरनेटशिवाय चालणारं इनपुट टूल बंद झालं, तरी त्याच नावानं ते देणाऱ्या साइट भरपूर आहेत. डाउनलोड करताना टायपिंगसोबत आणखी तीन प्रोग्रॅम येतात, आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ दाबताना त्यांनाही होकार दिला जातो.

खरं तर यातलं काहीच उतरवायची गरज नाही. मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, विंडोज ११ मध्येही आहे. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, भाषेत मराठी जोडा, तिच्या पर्यायांत ‘मराठी फोनेटिक’ निवडा. रोमन अक्षरात टाइप केलं की देवनागरी उमटतं. विंडोजची कळ आणि स्पेस दाबून भाषा बदलते. ही एक गोष्ट शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगा, पुष्कळ घरं वाचतील.

दुसरी वाट म्हणजे शोधल्यावर सगळ्यात वर येणारा ‘स्पॉन्सर्ड’ निकाल. ती पैसे देऊन लावलेली जाहिरात असते. व्हीएलसीसारखं चांगलं सॉफ्टवेअरही तिथून घेतलं तर भलत्याच गाठोड्यात बांधून येतं. ते बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. सातबारा, दाखले, दहावी-बारावीचा निकाल यांच्या नावानंही सारख्या दिसणाऱ्या साइट उघडलेल्या असतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ असतं. सातबारा बघायला कुठलंही सॉफ्टवेअर उतरवावं लागत नाही.

तिसरी वाट क्रॅकची, म्हणजे पैसे न भरता चालावं म्हणून कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरची. फुकट ऑफिस, फुकट फोटोशॉप. क्रॅक बसवताना ‘अँटीव्हायरस थोडा वेळ बंद करा’ असं सांगतात आणि लोक करतात. याबद्दल पुढं आणखी लिहिलंय.

नको असलेला प्रोग्रॅम ओळखायचा कसा?

सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स (विंडोज १० मध्ये ‘ॲप्स अँड फीचर्स’). यादी तारखेप्रमाणं लावा. त्रास ज्या दिवशी सुरू झाला त्याच्या आसपास काय बसलं ते बघा, चोर बहुधा तिथंच असतो. ‘ड्रायव्हर अपडेटर’, ‘पीसी क्लीनर’, ‘ऑप्टिमायझर’, ‘वेब कम्पॅनियन’ अशा नावांची सामग्री निर्धास्त काढा. मायक्रोसॉफ्ट, इंटेल, रिअलटेक किंवा तुमच्या लॅपटॉपच्या कंपनीचं नाव असेल तर हात लावू नका. काढताना ‘खरंच जायचंय का, ५० टक्के सूट देतो’ असं विचारणारा प्रोग्रॅम असेल तर बटणांचा मजकूर नीट वाचा. तिथं ‘ठेवा’ला ठळक रंग देतात आणि ‘काढा’ फिकट अक्षरात कोपऱ्यात असतं.

साफ करायला फुकटात कोणतं टूल वापरू?

मी पहिलं वापरतो ते मालवेअरबाइट्सचं ‘ॲडडब्ल्यूक्लीनर’. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, फाइल उघडली की चालतं. काम संपलं की पुन्हा मशीन चालू करायला सांगतं, म्हणून आधी हातातलं सेव्ह करा. ते मालवेअरबाइट्सच्याच साइटवरून घ्या, कारण त्याच्या नावाचीही नक्कल निघालेली आहे.

त्यानंतर विंडोजसोबतच येणाऱ्या ‘डिफेंडर’ अँटीव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन. विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, तिथं शेवटी ऑफलाइन स्कॅन आहे. मशीन बंद होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासणी होते, त्यामुळं लपलेल्यालाही पळता येत नाही. साधारण पंधरा मिनिटं लागतात.

केंद्र सरकारचं ‘सायबर स्वच्छता केंद्र’ फेब्रुवारी २०१७ पासून आहे, सीईआरटी-इन ही सरकारची सायबर सुरक्षा संस्था ते चालवते. तिथंही फुकट सफाईची टूल मिळतात, त्यात पुण्याच्या क्विक हीलचंही आहे. ती मुख्यतः बॉटनेटसाठी, म्हणजे मशीनचा ताबा घेऊन ते दूरवरून वापरणाऱ्या व्हायरससाठी आहेत, पण मशीन संशयास्पद वाटत असेल तर जरूर चालवा. क्रोममध्ये पूर्वी स्वतःचं सफाईचं टूल होतं, ते मार्च २०२३ मध्ये गूगलनं काढलं. जुन्या व्हिडिओंत दाखवतात म्हणून ते शोधत बसू नका.

अँटीव्हायरस विकत घेतलाय, तरी हे आलं कसं?

कारण कागदोपत्री तुम्हीच होकार दिलेला असतो. ॲडवेअर स्वतःला ‘सॉफ्टवेअर’ म्हणवतं, अटींचं पान दाखवतं, म्हणून पुष्कळ अँटीव्हायरस त्याला व्हायरस न धरता ‘शक्यतो नको असलेलं’ अशा वेगळ्या गटात टाकतात, आणि तो गट अडवायचा पर्याय वेगळा असतो. डिफेंडरमध्ये तो ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मधल्या ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’मध्ये आहे. ऑगस्ट २०२१ पासून तो आपोआप चालू असतो, तरी बघून घ्या.

याहून महत्त्वाचं, डिफेंडरच्या सेटिंगमध्ये ‘एक्सक्लूजन्स’ उघडून बघा. इथं लिहिलेल्या फोल्डरकडं डिफेंडर ढुंकूनही बघत नाही. घरच्या मशीनवर ही यादी रिकामी असायला हवी. पण क्रॅकवाले इथं आपली जागा राखून ठेवतात. एका घरी तर अख्खा सी ड्राइव्ह त्यात होता. मशीन विकत घेताना दुकानदारानंच क्रॅक विंडोज टाकून दिलं होतं, आणि त्या घराला दोन वर्षं ठाऊक नव्हतं की राखणदाराला झोपवून ठेवलंय. मला याचा मनापासून राग येतो. लोकांनी विश्वासानं पैसे मोजलेले असतात.

मशीन नवंकोरं आहे, तरी जाहिराती येतात.

तीस दिवसांची ट्रायल असलेला अँटीव्हायरस पैसे मागत असेल. नको असेल तर अनइन्स्टॉल करा, डिफेंडर आपोआप कामाला लागतो. विंडोजच्या स्वतःच्या ‘टिप्स आणि सजेशन्स’ सिस्टिममधल्या नोटिफिकेशन्सच्या पानावर अगदी खाली बंद करता येतात.

कंपनीनंच घातलेलं ॲडवेअरही घडलेलं आहे. २०१४ च्या उत्तरार्धात लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये ‘सुपरफिश’ नावाचा प्रोग्रॅम आधीच बसवलेला होता. तो सुरक्षित साइटवरही जाहिराती घुसवायचा, आणि त्यासाठी ‘ही साइट खरीच आहे’ असं ब्राउझरला पटवणारं स्वतःचं बनावट प्रमाणपत्र वापरायचा. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते उघड झालं आणि कंपनीला काढायचं टूल द्यावं लागलं.

सगळं काढलं, दोन दिवसांनी परत आलं.

तीन जागा बघा. पहिली, टास्क मॅनेजरमधला ‘स्टार्टअप’. दुसरी, ‘टास्क शेड्युलर’: स्टार्ट मेनूत शोधून उघडा. दर तासाला एखादं पान उघडायची नोंद तिथं लावलेली सापडते. तिसरी जागा कुणाच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे सिंक, एकाच खात्याचा ब्राउझर सगळ्या मशीनवर सारखा ठेवणारी सोय. तेच गूगल खातं मुलाच्या पुण्यातल्या लॅपटॉपवर चालू असेल तर तिथलं खराब एक्स्टेन्शन तुमच्याकडं परत उतरतं. दोन्हीकडं एकाच दिवशी साफ करा.

फॉरमॅट मारून टाकू का?

घाई करू नका. ‘फॉरमॅट मारावं लागेल’ हे बोलणाऱ्याला सोपं असतं, घराला महाग पडतं. लग्नाचे फोटो, टॅलीचा डेटा, वर्षांपूर्वी कुणीतरी टाकून दिलेले जुने मराठी फॉन्ट, ज्यांच्याशिवाय जुन्या फाइल वाचताच येत नाहीत, सगळं जातं. वरचं सगळं करूनही भागलं नाही, किंवा पासवर्ड चोरणारं काही सापडलं, तरच फॉरमॅट. त्याआधी पेन ड्राइव्हवर बॅकअप, आणि ‘फॉन्ट्स’ फोल्डरही आठवणीनं त्यात घ्या. मात्र डाउनलोड्समधल्या सेटअप फाइल घेऊ नका, नाहीतर रोग सोबत जाईल.

घरातल्या मोबाइलवरही वायफाय लावलं की त्याच जाहिराती दिसतात.

मग दोष राउटरमध्ये असू शकतो. मोबाइल डेटावर जाहिराती थांबतात का ते बघा. थांबल्या तर राउटरचं डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय, कुणीतरी बदललेलं असण्याची शक्यता आहे. हे होतं कारण राउटरचा पासवर्ड कंपनीनं दिला तोच राहिलेला असतो. राउटर रीसेट करण्याआधी तुमच्या केबल-नेटवाल्याकडून युजरनेम आणि पासवर्ड लिहून घ्या, नाहीतर नेटच बंद पडेल आणि रविवारी कुणी फोन उचलणार नाही. रीसेट झाल्यावर पासवर्ड बदला आणि डीएनएसमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घाला.

ॲडब्लॉकर टाकला तर?

चांगला उपाय आहे. फायरफॉक्समध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन’, क्रोममध्ये त्याचाच ‘लाइट’ अवतार. नावाच्या नकला आहेत, बनवणाऱ्याचं नाव बघून घ्या. पण आत बसलेला प्रोग्रॅम त्यानं निघत नाही, जाहिरात फक्त दिसायची थांबते.

विंडोज १० अजून चालवतोय. चालेल?

मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेच्या वाढीव अपडेटची नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून करता येते, ती करा. मशीन ११ चालवू शकत असेल तर तिकडं चला.

तक्रार करून काही होतं का?

पैसे गेले असतील तर १९३०, हे वर आलंच. पैसे गेले नसले तरी गप्प बसायची गरज नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवून नको ते करायला लावणाऱ्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार दिलेत, आणि व्हायरस असल्याची खोटी भीती घालून पैसे काढणं हा त्यातलाच एक. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. मराठीतही बोलता येतं. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, तारीख-वेळ लिहून ठेवा.

आई-वडील एकटेच वापरतात. परत होऊ नये म्हणून काय करू?

त्यांच्यासाठी विंडोजमध्ये वेगळं ‘स्टँडर्ड’ खातं करा, अडमिनचा पासवर्ड तुमच्याकडं ठेवा. पुष्कळसे प्रोग्रॅम मग त्यांच्या हातून बसणारच नाहीत. नोटिफिकेशन बंद करा, ॲडब्लॉकर घाला. बँक, वीजबिल, गाणी, पेपर यांची पानं बुकमार्कच्या पट्टीवर मराठी नावानं लावून द्या, म्हणजे शोधायलाच जावं लागणार नाही. आणि स्क्रीनच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवा. आमच्या आईच्या कॉम्प्युटरवर मी मोठ्या अक्षरात लिहिलंय: ‘लाल काही दिसलं तर आधी आवाज बंद, मग मला फोन. स्क्रीनवरच्या नंबरला नाही.’ खाली माझा नंबर आहे.